कृपेनेच तारण, मग चांगलं वागायचं कशासाठी?

वसईकर: बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात (इफिस २:८) क्लिअर लिहिलंय की तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे, ते देवाचं दान आहे. मग उपास, दानधर्म, रोजची प्रार्थना हे सगळं कशाला? आमच्या घरी यावरून दर रविवारी जेवताना वाद होतो.

जुना_वाचक: पुढचं १०वं वचन पण वाचा ना, सगळे ९ वरच थांबतात. सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय असं आहे तिथे. म्हणजे आधी कृपा, मग कामं, उलटं नाही. रोमकरांच्या पत्रात (रोम ६) प्रेषित पौलाने हाच प्रश्न घेतलाय, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? कधीच नाही.

नगरची_मावशी: मला तर मत्तयच्या शुभवर्तमानातला (मत्तय २०) येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला आठवतो, दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दिनार मजुरी आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच, लहानपणी मला हा सरळसरळ अन्याय वाटायचा, आता वाटतं आपणच ते पाचला आलेले.

वसईकर: थँक्यू मावशी. १०वं वचन रविवारी काढतोच, बघू काय म्हणतात.

जुना_वाचक: आणि कॅथलिक-लुथरन (ख्रिस्ती धर्मातले दोन पंथ) असा वाद असेल तर १९९९ची दोघांची संयुक्त घोषणा पण दाखवा, यावर बरंच एकमत झालंय 😄