शोरूममध्ये न कळलेली गोष्ट

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एका शेजाऱ्यांनी नवी एसयूव्ही आणली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पेढे, सगळं यथासांग झालं. मग गाडी त्यांच्या वाट्याच्या स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवायचं पार्किंग) घालायला गेले, तर उंची चार बोटं जास्त! आता ती गाडी बाहेर रस्त्यावर, कबुतरांच्या हवाली. दोन आठवडे रात्री जागून रिव्ह्यू पाहिले होते. पार्किंगची उंची कोणीच मोजली नव्हती.

हसतोय, पण मीही त्यातलाच. २०१६ साली बेज रंगाच्या सीटवर भाळलो. आतून गाडी कशी ऐसपैस, उजेडाची वाटते! घरात दोन पोरं आणि बाहेर ठाण्याचा पाऊस. त्या सीटवर आता वडापावच्या चटणीपासून मैदानातल्या चिखलापर्यंत आमचा सगळा इतिहास वाचता येतो.

तर गाडी घेताना जे कळलं नव्हतं, ते या धाग्यावर आपापलं लिहा. टॉर्क आणि बीएचपी नको, ते ब्रोशरमध्ये असतं. आपल्या रस्त्यांवर गाडी वापरून काय कळलं ते हवं. शिव्या घालायच्या असतील तर गाडीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव न घेता घाला.

कासारवडवलीहून

ऑफिस वागळे इस्टेटला. अंतर दहा-बारा किलोमीटर, वेळ विचारू नका. मेट्रोच्या खांबांच्या कडेने गिअर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. एवढ्याशा रनिंगला मी डिझेल घेतली, कारण काय तर पिकअप! बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीत धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला तो ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला हवी. आमच्या घोडबंदर रोडला सलग फक्त हॉर्न वाजतो. पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर दिवा लागला. झालं असं होतं की गाडी काजळी जाळायला घ्यायची आणि नेमका मी पार्किंगला पोचून ती बंद करायचो. असं वारंवार अर्धवट राहिलं की त्यासाठी जादा मारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं पाहून मी खूश झालो होतो, हे इथे कबूल करतो. आता दर रविवारी सकाळी सहाला नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत जाऊन येतो. बायको म्हणते, कुत्रा पाळला असतास तर निदान कोपऱ्यापर्यंत नेऊन भागलं असतं.

(पडघ्याला जाताना मला हाक मारा. नाश्ता माझ्याकडून. – धागाकर्ता)

नेरूळहून

पाम बीच रोड, धो धो पाऊस, काच आतून धुकट. जुन्या गाडीत हात न बघता नॉबवर जायचा. नवीत एसीचा सगळा कारभार पडद्यावर. ओल्या बोटाला तो दाद देत नाही, आणि बघून दाबायचं तर साठच्या वेगात दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. युरो एनकॅपने (गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणारी युरोपातली संस्था) २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्डचे दिवे यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. त्या यादीत एसी नाही.

पाचपाखाडीहून

वंदना डेपोजवळ पाणी भरलं होतं. पुढची बस गेली, म्हटलं आपणही जाऊ. बसच्या लाटेने पाणी बॉनेटपर्यंत आलं आणि गाडी बंद पडली. इथवर कदाचित निभावलं असतं. पण मी पुन्हा चावी मारली. तीनदा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर रेटायला जातो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मेस्त्रींनी तो वाकडा रॉड माझ्या हातात ठेवला, काही बोलले नाहीत. विमा होता, पण इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलं नव्हतं. खर्चाचा आकडा लिहीत नाही, घरातलेही हे वाचतात. नंतर पाहिलं, तर इंजिनाची हवा ओढायची नळी हेडलाइटच्याही खाली. ग्राउंड क्लिअरन्स सगळे सांगतात. गाडीचं नाक किती उंचीवर आहे ते विचारून घ्या.

कोपरखैरण्याहून

सेकंडहँड घेतली. आठ वर्षांत २१,००० किलोमीटर, सिंगल ओनर, डॉक्टरांची. (सेकंडहँड गाडी नेहमी डॉक्टरांचीच असते. बाकीचे लोक बहुधा गाड्या विकतच नाहीत.) टायरची नक्षी नव्यासारखी. महिन्याभराने पंक्चरवाल्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: १४१५. म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा. गाडी उभी राहिली तरी रबराचं वय थांबत नाही. बारीक भेगा पडल्याच होत्या. स्टेपनीसकट पाच टायर बदलले. ब्रेक ऑइलही काळं पडलेलं. ते हवेतली ओल पितं आणि आपल्याकडे बारा महिने खाडीची हवा. दोन वर्षांनी बदलत जा.

ऐरोलीहून

उंदीर. वायरिंग दोनदा कुरतडलं. तंबाखू झाली, डांबरगोळ्या झाल्या. आता रात्री बॉनेट उघडं ठेवून आत दिवा लावतो. वॉचमन रोज विचारतो, “साहेब, आज काय बिघडलं?”

नौपाड्याहून

माझ्याकडे १९८६ची पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग सीट, तिघं आरामात. दाराच्या काचेपुढे त्रिकोणी काच, ती वळवली की वारा थेट छातीवर. आणि खांब इतके बारीक, की चहूकडचं दिसायचं. मुलाच्या गाडीतला समोरच्या काचेचा खांब माझ्या मनगटाच्या तिप्पट. तलावपाळीला वळताना एक बाई पोरासकट त्याच्या आड गेल्या होत्या, थोडक्यात वाचलं. गाडी उलटली तर तोच खांब छत पेलतो, असं मुलाने समजावलं आणि ते पटलंही. तरी वळताना मी मान पुढे-मागे करतो, कोंबड्यासारखी. पोरं हसतात.

(काका, आजपासून मीही करणार. – धागाकर्ता)

आमच्या शेजाऱ्यांचं राहिलंच. त्यांनी छतावरच्या दांड्या, रूफ रेल, काढून पाहिले. अजून दोन बोटं उरतात. काल विचारत होते, टायरमधली हवा कमी केली तर?