मदत हवी आहे: वापरलेली सुपरकार रोज चालवायला घ्यावी, की ट्रॅकसाठी?

वळणवाट

नमस्कार मंडळी. सेकंडहँड सुपरकार घ्यायचं नक्की आहे, पण कुठली, इथे अडलंय. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रहदारीचा. शिवाय वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायचे दिवस). यादीत चार गाड्या आहेत: पहिल्या पिढीची ऑडी आर८ व्ही१०, फेरारी एफ४३० (एफ१ गिअरबॉक्सची), मॅक्लारेन १२सी आणि पोर्शे ९११ जीटी३ (९९७ पिढीची).

एकाच गाडीत दोन्ही जमतं का? जमवायला गेलं तर आधी काय झिजतं? ब्रेक सिरॅमिक असावेत की साधे लोखंडी डिस्कचे? आणि ट्रॅकवर पिळून काढलेली गाडी गळ्यात पडू नये म्हणून घेण्याआधी काय बघायचं?

पिटलेन

तुमच्या वापरात निम्मा रस्ता रांगण्याचा आहे, म्हणून इंजिनाच्या आधी गिअरबॉक्स बघा. एफ४३० चा एफ१ गिअरबॉक्स म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप करतो. क्लच कोरडा आहे, टॉर्क कन्व्हर्टर (साध्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा भाग) नाही. त्यामुळे गाडी इंच-इंच पुढे सरकते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला असतो आणि घासत राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे चढावर रिव्हर्स घेणं, आणि त्याच्या खालोखाल चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं. हमरस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारा क्लच रांगत्या रहदारीत त्याच्या काही अंशानेच टिकतो. आर८ मध्ये २०१२ च्या फेरबदलापूर्वीचा आर-ट्रॉनिक गिअरबॉक्स याच जातीचा आहे.

त्या फेरबदलानंतरच्या आर८ मध्ये सात गिअरचा एस-ट्रॉनिक आला. तो ड्युअल क्लच आहे आणि क्लच तेलात बुडालेले असतात. १२सी चंही तसंच. तेल उष्णता वाहून नेतं, म्हणून सरकत्या रहदारीचा त्यांना एवढा त्रास नाही. अट एकच, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदललेले असावेत, आणि त्याची नोंद कागदावर असावी. 'बदललंय' हे तोंडी धरू नका.

तरीही एफ४३० बघायला गेलात तर ड्रायव्हरचं दार उघडताना कान द्या. एफ१ चा पंप तेव्हा काही सेकंद चालून थांबतो. तो फार वेळ चालत राहिला, किंवा गाडी चालवताना दर एक-दोन गिअर बदलांनंतर सुरू झाला, तर दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर अशक्त झालाय, नाहीतर कुठेतरी दाब निसटतोय. दुर्लक्ष केलं की पंप जास्त चालून जळतो. रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तर पंप थांबतच नाही, म्हणून तो स्वस्तातला भाग सांगून आधीच बदलून घ्यावा.

टॉर्करेंच

ब्रेकबद्दल लिहितो, कारण रस्ता आणि ट्रॅक यांच्यातला खरा फरक तिथे कळतो. दीड टनाची गाडी ताशी ६० वरून थांबवली तर ब्रेकना साधारण २०० किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी ट्रॅकवर २५० वरून १०० वर आणली तर सुमारे ३००० किलोज्यूल. म्हणजे जवळपास पंधरा पट, तेही काही सेकंदांत आणि एका फेरीत तीन-चार वेळा. रस्त्यावर तक्रार नसलेले ब्रेक ट्रॅकवर पंधरा मिनिटांत हात टेकतात ते यामुळे.

पहिल्यांदा मार खातं ते ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ धरलेली आहे. कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. ट्रॅकला जायचं तर ३०० च्या वर उत्कलनबिंदू असलेलं रेसिंग फ्लुइड घ्या. पूर्ण बदलायला साधारण लिटरभर लागतं. वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे म्हणजे वर्षातून किमान दोनदा बदला. डॉट ५ मात्र चुकूनही भरू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ हे वेगळं, ते चालतं. नावं सारखी असल्याने इथे घोळ होतो.

सिरॅमिक की लोखंडी? निव्वळ रस्त्यासाठी सिरॅमिक उत्तम. वजनाला जवळपास निम्मी, चाकांवर काळी भुकटी नाही, आणि रस्त्यावर बहुधा गाडीच्या आयुष्यभर पुरतात. फक्त थंड आणि ओल्या डिस्कवर पहिली पकड उशिरा मिळते. ट्रॅकवर गणित उलटतं. प्रचंड तापमानात डिस्कमधला कार्बन जळू लागतो आणि जाडी तेवढीच दिसत असताना वजन घटतं. म्हणून सिरॅमिकची झीज वजनावरून ठरवतात. पोर्शेच्या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. बदलायची वेळ आली की लोखंडीच्या कित्येक पट खर्च. तुमच्या वापराला माझं मत सरळ लोखंडीकडे आहे.

थंडइंजिन

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. आता तपासणीबद्दल. चारही गाड्यांची दुखणी वेगळी आहेत.

एफ४३०: टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे आधीच्या फेरारी ३६० मध्ये ठराविक वर्षांनी येणारा बेल्टचा खर्च इथे नाही. पण मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जातात. तडा उष्णतारोधक कवचाखाली असतो, डोळ्यांना दिसत नाही. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू आली आणि गरम झाल्यावर ती कमी झाली तर संशय घ्या. नुसत्या आवाजाचा प्रश्न असता तर चाललं असतं, पण आतला तुटलेला तुकडा उलटा इंजिनात ओढला जाण्याचा धोका असतो. दुरुस्त केलेले किंवा बाहेरच्या बनावटीचे चांगले मॅनिफोल्ड बसवलेले असतील तर तो दोष नाही, गुण समजा.

जीटी३: इंजिन भक्कम, ड्राय संप (तेल इंजिनाच्या तळाऐवजी वेगळ्या टाकीत), ट्रॅकसाठीच घडवलेलं. कमकुवत जागा कूलंटची. पाण्याच्या पाइपांची टोकं इंजिनावरच्या खोबणीत चिकटवून बसवलेली असतात, आणि उष्णतेने तो चिकटा सुटतो. भर वेगात टोक निसटलं तर कूलंट थेट मागच्या टायरवर येतं. ती वेल्ड करून किंवा पिन मारून पक्की केलेली आहेत का, हे विचारा. नसतील तर पहिल्या ट्रॅक डेच्या आधी इंजिन उतरवून करून घ्या. मॅन्युअल असल्याने संगणकातला ओव्हर-रेव्हचा अहवालही मागा. अॅक्सिलरेटर दाबून इंजिन मर्यादेबाहेर जात नाही, लिमिटर अडवतो. चुकून खालचा गिअर पडला तरच चाकं इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात, आणि वरच्या श्रेणीतल्या नोंदी त्यातूनच होतात. अशी नोंद किती तासांपूर्वीची, हे अहवालात असतं. चारशे तासांपूर्वीची असेल आणि त्यानंतर इंजिन नीट चाललं असेल तर घाबरू नका. शेवटच्या वीस तासांतली असेल तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून गळती मोजणं) केल्याशिवाय पुढे बोलू नका.

१२सी: हिला अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारे दांडे) नाहीत. चारही डॅम्पर हायड्रॉलिकने एकमेकांना जोडलेले आहेत आणि दाब सांभाळायला वायू भरलेले अॅक्युम्युलेटर आहेत. वायू निसटला की आरामदायी म्हणून गाजलेली गाडी लहान खड्ड्यावरही आदळू लागते. खडबडीत रस्त्यावर फेरी मारल्याशिवाय हे कळत नाही. पोटाखाली कार्बनचा टब आहे. चुकीच्या जागी जॅक लावल्याच्या खुणा असतील तर गाडी सोडून द्या.

आर८: डायरेक्ट इंजेक्शन असल्याने पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, आणि तिथे काजळीचा थर साचतो. थंड असताना अडखळणं, ताकद मंदावणं ही लक्षणं. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने झोडपून साफ करतात. मॅग्नेटिक डॅम्पर (चुंबकाने कडकपणा बदलणारे शॉक अॅब्सॉर्बर) असतील तर चारही ठिकाणी तेलाचा ओघळ बघा.

ट्रॅकच्या खुणा लपवणं अवघड असतं. कॅलिपरचा लाल किंवा पिवळा रंग करपून तपकिरी पडलेला, डिस्कच्या भोकांमधून निघालेल्या बारीक चिरा, चाकाच्या खोबणीत वितळून चिकटलेले रबराचे गोळे, सीटमागे हार्नेसच्या बोल्टची भोकं. ट्रॅकवर गेलेली गाडी वाईटच असं मात्र नाही. दर दोन-तीन ट्रॅक डेनंतर तेल बदललेली, नोंदी ठेवलेली गाडी ही वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा चांगली. उभ्या गाडीचे सील सुकतात, टायर एका बाजूला चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आठ वर्षांच्या टायरवर भरपूर नक्षी उरली असेल तर गाडी उभीच होती.

वळणवाट

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कल आता एस-ट्रॉनिकच्या आर८ कडे झुकतोय, लोखंडी डिस्कची. मग प्रश्न असा: रोजची सेटिंग आणि ट्रॅकची सेटिंग यांत काय काय बदलावं लागेल? अलाइनमेंट दर वेळी बदलायची का? आणि टायर?

टॉर्करेंच

अलाइनमेंट दर वेळी बदलू नका, मधला मार्ग काढा. ट्रॅकसाठी पुढे उणे दोन ते अडीच अंश कॅंबर (चाकाचा वरून आत झुकाव) लागतो, नाहीतर टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. तोच कॅंबर रोज ठेवला तर आतली कड झिजते. उणे दीडच्या आसपास ठेवा आणि टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) शून्याच्या जवळ. आतली कड खाण्यात कॅंबरपेक्षा चुकीच्या टोचा हात मोठा असतो.

टायर मात्र वेगळेच हवेत, दुसऱ्या रिम्सवर. मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखे टायर कोरड्या ट्रॅकवर अप्रतिम, पण थंडीत आणि साचलेल्या पाण्यात रोजच्या वापराला धोक्याचे. टायर थंड असताना २६-२७ पीएसआय हवा भरून सुरुवात करा. तीन-चार फेऱ्यांनंतर पिटमध्ये येऊन लगेच मोजा. गरम टायरमध्ये दाब ३२-३३ च्या आसपास असावा, जास्त असेल तर हवा सोडा. घरी परतण्याआधी पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणायला विसरू नका. थंड झाल्यावर तो टायर धोकादायक इतका मऊ असतो.

पॅड ट्रॅकचे घातले तर थंड असताना किंचाळतात आणि पहिली पकड कमी देतात. म्हणून ट्रॅक डेच्या दोन दिवस आधी बदला. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, आणि नंतर दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवा. पॅड निम्मे राहिले की ट्रॅकसाठी संपले असं समजा. पातळ पॅडमधून उष्णता सरळ फ्लुइडपर्यंत पोहोचते.

ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये किंवा पार्कवर ठेवा आणि चाकाला अडण लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिला की तिथे त्याचा थर चिकटतो, मग पेडलला थरथर येते आणि लोक डिस्क वाकली म्हणून नवीन घेतात.

पिटलेन

तेलाचं राहिलं. कूलंटचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो, तेलाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तेल ८० अंशांना पोहोचेपर्यंत चार हजार आरपीएमच्या खाली राहा, रस्त्यावर आणि ट्रॅकवरही. आर८ सुद्धा ड्राय संप आहे, त्यामुळे पातळी इंजिन गरम असताना, पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमानेच बघा. थंड इंजिनवर कमी दिसतं म्हणून वरून ओतलं तर जास्तीचं तेल इनटेकमध्ये जातं आणि मागून निळा धूर निघतो.

आणि विमा कंपनीला लेखी विचारा. बहुतेक पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत, आणि वॉरंटीचंही बऱ्याचदा तसंच असतं. म्हणूनच पाच-सहाचे बारा ट्रॅक डे होणार असतील तर आर८ रोजच्यासाठी ठेवून ट्रॅकला हलकी, साधी, ठोकली तरी परवडेल अशी दुसरी गाडी घ्यावी, असं ठाम मत आहे. हजार किलोची गाडी टायर आणि ब्रेक निम्म्यानेही खात नाही.

थंडइंजिन

इथे थोडी असहमती. पाच-सहाच ट्रॅक डे असतील तर दुसरी गाडी म्हणजे दुसरी जागा, दुसरा विमा, दुसरी देखभाल. तेवढ्यासाठी आर८ पुरेशी आहे. मात्र रहदारीचा भाग निम्म्याऐवजी पाव असता तर जीटी३ च सुचवली असती. ट्रॅकवर तिला फारसं काही बदलावं लागत नाही. जड क्लच आणि पुढच्या बंपरचा खाली झुकलेला ओठ हीच काय ती रोजची अडचण.

वळणवाट

एक गाडी बघितली आहे, नोंदी पूर्ण आहेत, पण तिला सिरॅमिक ब्रेक आहेत. सोडून द्यावी का?

टॉर्करेंच

सोडू नका. डिस्क उतरवून तपासून घ्या. कडेला कपचा उडालेला नसावा आणि पृष्ठभागावर तंतू उघडे पडलेले नसावेत. शाबूत असतील तर जपून काढून ठेवा आणि ट्रॅकसाठी त्याच मापाचा लोखंडी डिस्कचा संच, त्याला चालणाऱ्या पॅडसह, बसवा. सिरॅमिकचे पॅड लोखंडावर चालत नाहीत. विकताना मूळ डिस्क परत लावता येतील. चाक काढताना हबच्या वरच्या भोकात मार्गदर्शक पिन लावूनच काढायचं, हे गॅरेजमध्ये समोर उभं राहून बघा. रिम निसटून कडेवर आपटली की सिरॅमिक डिस्कचा तुकडा उडतो.

वळणवाट

शनिवारी डिस्क उतरवून तपासणी ठरवली आहे. फोटो इथेच टाकतो.