मदत हवी आहे: जीएसटी नंबरचा अर्ज अडकलाय, लाइट बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर

नमस्कार मंडळी,

सांगलीत घरीच कांदा-लसूण मसाला करून विकते. हात सासूबाईंचा, मिरच्यांची देठं खुडण्यापासून डंकावर नंबर लावून बसण्यापर्यंतची धावपळ माझी. वर्षाची विक्री जेमतेम चार लाख, म्हणजे ४० लाखांची मर्यादा माझ्यापासून कोसभर लांब. पण बंगळुरू आणि इंदूरहून ऑर्डरी यायला लागल्या, आणि परराज्यात माल पाठवायचा तर पहिल्या किलोपासून जीएसटी नंबर लागतो म्हणे. म्हणून माझ्या नावाने, माझ्याच पॅनवर अर्ज भरला.

जागेचा पुरावा म्हणून लाइट बिल आणि सासूबाईंचं संमतीपत्र जोडलं. संमतीपत्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसकट, कारण अर्ज भरून देणाऱ्याने तसंच लागतं सांगितलं. (त्याचे पैसे वेगळे.) सासरे २०१८ साली गेले, बिल अजून त्यांच्याच नावावर येतं. आता नोटीस आली आहे: बिलावरची व्यक्ती आणि संमती देणारी व्यक्ती वेगळी, खुलासा करा. उत्तराला सात कामाचे दिवस, त्यातले तीन गेले. अर्ज भरून देणारा फोन उचलत नाही. बिलावरचं नाव बदलून येईपर्यंत मुदत संपेल. काय करू?

– मसालेवाली

प्रतिसाद १ (कारकून)
आधी ऑर्डरी महाराष्ट्रातल्याच आहेत का ते बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारातून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्यांना जीएसटी नंबर सक्तीचा नाही, नुसता एनरोलमेंट नंबर चालतो.

मसालेवाली
नाही हो, बंगळुरूच जास्त आहे. तिथल्या मराठी मंडळींना तिकडचा मसाला चालत नाही.

प्रतिसाद २ (वहीखाते)
मग नंबर हवाच. मी हीच कामं करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: नोटीस चुकीची नाही. बिल ज्यांच्या नावावर ते हयात नाहीत, आणि सासूबाई कोण हे तुमच्या कागदांतून कळत नाही. स्टॅम्प पेपरने तो दुवा जुळत नाही. १७ एप्रिल २०२५ च्या केंद्रीय सूचनेनुसार घरच्या माणसाची संमती साध्या कागदावरही चालते, सोबत त्यांचं ओळखपत्र आणि जागेच्या मालकीचा एक कागद. तुमचं अडलंय ते या मालकीच्या कागदावर.

सिटी सर्व्हेला वारस नोंद झाली आहे का? असेल तर प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. त्यावर जितकी नावं, तितक्यांच्या सह्या संमतीपत्रावर घ्या. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला जोडा, वर दोन ओळींचा खुलासा लिहा. बिलावरचं नाव नंतर सावकाश बदला.

आणि एक. अर्जात कंपोझिशनला, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठरावीक दराच्या कर योजनेला, टिक केली आहे का?

मसालेवाली
बघितलं. केली आहे! १ टक्का कर, कटकट कमी, असं तो म्हणाला होता.

वहीखाते
तरीच. कंपोझिशनमध्ये परराज्यात माल विकता येत नाही. ज्यासाठी नंबर काढताय तेच बंद झालं असतं. नोटिशीला उत्तर देताना अर्जात दुरुस्ती करायची आहे का असं पोर्टल विचारतं. तिथे 'होय' निवडा म्हणजे अर्ज पुन्हा उघडतो, मग टिक काढा. नंबर मिळाल्यावर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं, नाहीतर शून्य रिटर्नलासुद्धा दिवसाला २० रुपये उशिराचा दंड.

मसालेवाली
वारस नोंद झालेली निघाली, ह्यांच्या कर्जाच्या वेळी केली होती. सासूबाई, हे आणि नणंद अशी तीन नावं आहेत. नणंद मिरजेला, संध्याकाळी जाऊन सही घेऊन येते.

दोन आठवड्यांनंतर, मसालेवाली
नंबर आला! सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढचे दहा अक्षर-आकडे माझा पॅनच. अधिकारी जागा बघायला आले होते, मसाल्याचे डबे आणि दाराचे फोटो काढून गेले. बिलाच्या नावबदलाचा अर्जही टाकला आहे. दारावर नंबरासकट पाटी लावायची असते ना? सासूबाई म्हणतायत, पाटीवर मामंजींचं नाव ठेव. व्यवसायाचं नाव मी वेगळं नोंदवलंय, मग ते बदलून घेता येतं का?

वहीखाते
येतं. पोर्टलवर नोंदणीतल्या दुरुस्तीचा अर्ज टाका.