मदत हवी आहे: 'धिस इज अस' ही अमेरिकन मालिका पुढे बघू का सोडू?

दोन सीझन संपवलेत आणि आता अडकलेय. एकूण ६ सीझन, १०६ एपिसोड आहेत म्हणून आधीच विचारते. दत्तक घेतलेला रँडल आणि त्याचे खरे वडील विल्यम यांचा ट्रॅक मला प्रचंड आवडला, ते दोघं मेम्फिस शहरात जातात तो एपिसोड बघून तर रात्री झोपच नाही आली. आणि रँडलला वाढवणारे वडील जॅक वारतात तेव्हा त्यांची बायको रिबेका हॉस्पिटलच्या मशीनमधून चॉकलेट घेते, डॉक्टर येऊन सांगतात तरी तिला ते पटतच नाही आणि ती तसाच एक घास तोडते, माझे बाबा गेले तेव्हा माझी आई पण अशीच हातातला चहा पीत बसली होती हो, तो सीन मी तीनदा बघितला.

पण रँडलचा भाऊ केव्हिन सारखा त्याच चुका करतो, बहीण केटचं तर वजन सोडून दुसरं काही दाखवतच नाहीत, आणि दर एपिसोडला शेवटी भाषण आणि रडारड, त्याने थकायला होतं. सारखं ऐंशी-नव्वदचं दशक आणि आत्ता असं मागेपुढे करतात त्यातही कधीकधी गोंधळ होतो.

ज्यांनी पूर्ण बघितलीये त्यांनी प्लीज सांगा, पुढे केटला नीट गोष्ट मिळते का? आईला सोबत घेऊन बघता येईल का, की तिला त्रास होईल? शेवट मात्र फोडू नका.