ईबीव्हीच्या (एप्स्टाइन-बार विषाणू) तापात प्लीहा वाढली आहे, कबड्डी कधी सुरू करावी?

मैदान_प्रशिक्षक
संघातल्या १७ वर्षांच्या चढाईपटूला ताप, घशाला प्रचंड सूज आणि मानेत गाठी होत्या. ईबीव्हीची व्हीसीए आयजीएम (ताज्या संसर्गाची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत प्लीहा (डाव्या बरगडीखालचा अवयव, स्प्लीन) १४.५ सेंमी. आज आजाराचा १२वा दिवस, ताप उतरलाय. निवड चाचणी १० दिवसांनी आहे. उतरवावं का? आणि प्लीहा फुटण्याची भीती खरी किती?

रक्तविकार_ओपीडी
उतरवू नका. भीती आकड्याने लहान आहे, हजारात एक ते पाच रुग्ण. पण फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेततं. या आजारात प्लीहेत लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी होते, ती फुगते, वरचं आवरण ताणून पातळ होतं. मग मार लागायलाच हवा असंही नाही. जोराचा खोकला, उलटी, शौचाला कुंथणं एवढंही कधी पुरतं. बहुतेक घटना पहिल्या तीन आठवड्यांत घडतात, मात्र आठव्या आठवड्यापर्यंतच्याही नोंदी आहेत.

चाचणीच्या दिवशी त्याचा २२वा दिवस असेल. दिवस मोजायचे ते लक्षणं सुरू झाल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. ताप आणि थकवा पूर्ण गेला असेल तर तीन आठवड्यांनंतर चालणं, मग हलकं धावणं. पकडीत पाच-सहा जण अंगावर येतात, त्यामुळे कबड्डीला किमान चार आठवडे, आणि प्लीहा एवढी वाढलेली असताना सहा धरलेले बरे. तोवर वजनं उचलणं, सूर्यनमस्कार, दुचाकीवर खड्ड्यांतून जाणंही नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

मैदान_प्रशिक्षक
दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून आकार नॉर्मल आला तर?

सोनो_कक्ष
तेवढ्यावर परवानगी देता येत नाही. आजारापूर्वीचा आकार माहीत नसतो. उंच, धिप्पाड मुलांची प्लीहा निरोगी असतानाही १३ सेंमीपुढे जाते. पुन्हा करायचीच तर त्याच केंद्रात करा आणि आधीचा रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे मोजमाप त्याच दिशेने घेतलं जाईल. आकार उतरतोय एवढं कळतं. आवरण किती मजबूत झालं, हे सोनोग्राफी सांगत नाही. आणि हो, वाढली का ते बघायला रोज कुणी बरगडीखाली बोटं खुपसू नयेत.

अपघात_विभाग
घरच्यांना हे आजच सांगून ठेवा. डाव्या बरगडीखाली अचानक दुखणं, डाव्या खांद्याच्या टोकाला कळ (खांदा हलवला तरी ती वाढत नाही, आडवं झाल्यावर वाढते), घेरी, थंड घाम, धडधड. यांतलं काहीही दिसलं की खायला-प्यायला न देता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात. खांद्याची कळ येते ती रक्ताने श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) चेतवल्यामुळे, म्हणून तिला स्नायूचं दुखणं समजून मलम चोळण्यात वेळ जातो. पोचल्यावर पहिलं वाक्य: "ईबीव्ही झालाय, प्लीहा वाढलेली आहे." पहिला हिमोग्लोबिन नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका, आकडा उशिरा उतरतो. रक्तदाब स्थिर असेल तर सीटी करून, निरीक्षणावर किंवा रक्तवाहिनी बंद करून प्लीहा वाचवता येते. ढासळला तर ती काढावी लागते. मग न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जिवाणूंविरुद्धच्या लशी लागतात.

रक्तविकार_ओपीडी
औषधांचं राहिलं. घसा दुखतोय म्हणून परस्पर अमोक्सिसिलिन देऊ नका, या आजारात अंगभर पुरळ उठतं. अॅस्पिरिन टाळा. तापाला पॅरासिटामॉल, पण यकृताची तपासणी बघून. एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) बऱ्याचदा वाढलेलं असतं. स्टिरॉइडने प्लीहा लवकर उतरत नाही, त्यासाठी मागू नका.

पावसाळ्यात आणखी एक: डेंग्यूतही क्वचित प्लीहा फुटते. तिथे प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) झिरपल्याने हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतो. पोट दुखतंय, नाडी जलद आहे आणि हिमॅटोक्रिट उलट घसरतोय, तर आत रक्तस्राव आहे असं धरून लगेच सोनोग्राफी मागा.