ओपन-एंड युनिट: मिक्सिंग आणि कार्ड खात्यातली धूळ, मास्कनं भागेल का?

शिफ्ट_इनचार्ज, इचलकरंजी

छोटं ओपन-एंड (रोटरवर सूत कातणारं) युनिट आहे. फ्लॅट स्ट्रिप, लिकर-इन ड्रॉपिंग (दोन्ही कार्डवरून निघणारा टाकाऊ माल), थोडं कोम्बर नॉइल (विंचरताना गळालेले आखूड तंतू) आणि हलकी रुई मिसळून जाडं सूत काढतो. एक विलो (टाकाऊ माल झोडून मोकळा करणारं मशीन), ब्लो रूमची (रुई फोडून साफ करायची) जुनी लाइन, चार कार्ड (रुई पिंजून तंतू सुटे करणारी मशीन), दोन रोटर मशीन. मिक्सिंगला बायका हातानं मालाच्या गाठी फोडतात. विलो त्याच खोलीत आहे. दर पाळीच्या शेवटी कार्ड कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडतात.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दुपारी तिघा-चौघांची छाती आवळते, कोरडा खोकला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून दवाखान्यात कुणी जात नाही. रुमाल नाहीतर ओढणी बांधून काम चालतं. मालक मास्क आणायला तयार आहेत. कुठला आणावा? आणि हवेत ओलावा वाढवला की धूळ बसते असं जॉबर (खात्याचा मुकादम) म्हणतो, ते खरं का?

डक्टवाला

मास्क आणाच, पण तुमच्याकडे सर्वात जास्त धूळ मशीन नव्हे, कॉम्प्रेसर उडवतोय. पाळीभर खाली बसलेली बारीक धूळ तो पाच मिनिटांत पुन्हा नाकाच्या उंचीवर आणतो आणि पुढच्या पाळीचे लोक त्यातच कामावर येतात. अमेरिकेच्या १९७८ च्या कापूस-धूळ नियमात हे झाडणं, दुसरा उपाय शक्य असेल तिथे, बंदच केलंय. इंडस्ट्रियल व्हॅक्यूम घ्या, त्याला बारीक धूळ धरणारा फिल्टर हवा. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीत येते. आधी वरचे बीम, डक्टची पाठ, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, मग मशीन, शेवटी जमीन. कोरडा झाडू नको.

काही कोपरे हवेशिवाय साफ होतच नाहीत, हे मान्य. तिथे दाब ३० पीएसआयच्या खाली ठेवा, मशीन बंद, सक्शन चालू, झाडणारा सोडून बाकी सगळे बाहेर. अंगावरचे कपडे हवेनं झाडायची सवय आजच बंद करा.

आता मिक्सिंग. विलो तिथून हलवा किंवा मध्ये पक्की भिंत घाला. लिकर-इन ड्रॉपिंगमध्ये बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा आणि माती सगळ्यात जास्त. तो माल विलोवर फिरतो तेव्हा त्या खोलीत माणूस बसवू नये. गाठी फोडायच्या टेबलामागे उभं हूड (धूळ ओढून घेणारं तोंड) लावा. साधारण २ मीटर रुंद आणि ०.६ मीटर उंच तोंड असेल तर क्षेत्रफळ १.२ चौ.मी. तोंडाशी ०.७५ मी./सेकंद वेग धरला तर ०.९ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला सुमारे ३,२४० घनमीटर हवा लागते. फॅन घेताना हा आकडा फिल्टर आणि डक्टचा अडथळा धरून सांगा. नुसत्या एचपीवर फॅन घेतला की फसगत ठरलेली.

बसायची जागाही महत्त्वाची: बाई, मग माल, मग हूड. हूड डोक्यावर लावलं तर धूळ वर जाताना तोंडावरूनच जाते. आणि पाठीमागचा पेडेस्टल फॅन काढा. तो हूडाची ओढ मोडतो आणि धूळ शेजारणीकडे ढकलतो.

कार्डवर लिकर-इन, फ्लॅट, डॉफर आणि कॉइलर या चारही जागी सक्शन हवं. नळीचं तोंड जितकं जवळ तितकं चांगलं: तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. डक्टमधला वेग १३ ते १८ मी./सेकंद ठेवा. २०० मिमी डक्टमध्ये १५ मी./सेकंद म्हणजे तासाला सुमारे १,७०० घनमीटर. वेग कमी पडला की आडव्या डक्टमध्ये रुई साचते, तोंड चोंदतं आणि आगीचीही भीती. काटकोनी वळणं टाळा, प्रत्येक वळणाजवळ साफसफाईचं झाकण ठेवा. नंतर कुणी 'अजून एक नळी' म्हणून जोड दिला की बाकीच्या सगळ्या नळ्यांची ओढ उतरते. जुन्या युनिटांत सक्शन असूनही धूळ का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पाण्याची यू-ट्यूब (दाबातला फरक दाखवणारी नळी) लावा, नवा असतानाचं रीडिंग भिंतीवर लिहून ठेवा. फरक वाढला तर फिल्टर चोंदलाय, एकदम पडला तर कुठेतरी फाटलाय.

छातीचे_डॉक्टर

तुम्ही दिलेली लक्षणं बिसिनोसिसच्या (कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसांच्या आजाराच्या) सुरुवातीची आहेत असं धरून चाला आणि तपासणी करा. कापसाबरोबर येणाऱ्या पानांच्या चुऱ्यावर जिवाणू असतात. त्यांच्यातल्या एंडोटॉक्सिन या विषारी घटकानं श्वासनलिका आवळतात. रोज धुळीत राहिल्यानं शरीराची प्रतिक्रिया थोडी बोथट होते, सुट्टीत ती पुन्हा जागी होते, म्हणून पहिल्या दिवशी त्रास जास्त. दुसऱ्या दिवशी बरं वाटणं हे आजार नसल्याचं लक्षण नाही, हीच या आजाराची सुरुवातीची खूण आहे. पुढे त्रास आठवडाभर राहतो आणि मग गेलेली ताकद परत येत नाही. युनिटची सुट्टी शुक्रवारी असेल तर शनिवारी विचारा, सुट्ट्या आळीपाळीच्या असतील तर प्रत्येकाचा वार वेगळा धरा.

छातीचा एक्स-रे काढून 'सगळं ठीक' म्हणू नका. यात एक्स-रे स्वच्छच दिसतो. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची चाचणी) लागते, तीही योग्य वेळी. कमीत कमी ३५ तास धुळीबाहेर राहिल्यावर, कामावर शिरण्याआधी एकदा, आणि पाळी सुरू झाल्यापासून ४ ते १० तासांच्या दरम्यान दुसऱ्यांदा. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, पाहायची. सकाळी २.८० लिटर आणि दुपारी २.५५ लिटर आली तर २५० मिलि घट झाली, सुमारे ९ टक्के. ५ टक्के किंवा २०० मिलि घट असेल, किंवा मूळ आकडाच (वय-उंचीवरून धरलेल्या) अपेक्षित आकड्याच्या ८० टक्क्यांखाली असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. ६० टक्क्यांखाली गेला तर तज्ज्ञाकडे पाठवा. बाकीच्यांची वर्षातून एकदा. चाचणीच्या दिवशी सकाळी इन्हेलर घेतला असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून आधी विचारा.

विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत हा आजार जास्त आणि लवकर बळावतो. ज्यांची घट दिसते त्यांना मिक्सिंग-कार्डमधून काढून पॅकिंगसारख्या कामावर द्या, पण पगार कमी न करता. पगार कापला जाणार असेल तर पुढच्या वेळी कुणी खोकला सांगणारच नाही.

बिसिनोसिस कळवायचा आजार आहे; नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता. ईएसआयमध्येही (कामगार राज्य विमा) व्यवसायजन्य आजारांत तो येतो. केसपेपरवर नुसतं 'कामगार' न लिहिता 'कार्ड खातं, इतकी वर्षं' असं लिहून घ्या. नंतर दाव्याच्या वेळी हीच ओळ लागते.

सेफ्टी_कोल्हापूर

मास्कबद्दल. रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क या तिन्हींच्या कडेनं हवा शिरते, त्यामुळे बारीक धुळीला उपयोग जवळपास नाही. आयएस ९४७३ (भारतीय मानक) चा छाप असलेला एफएफपी-२ मास्क घ्या, डोक्यावरून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा. वरची पट्टी कानाच्या वरून, खालची मानेवर. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, एका हाताच्या चिमटीनं मध्ये घडी पडते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. बायकांसाठी लहान माप मागवा. धुऊ नका, पाण्यानं त्यातला विद्युतभार जातो आणि धूळ पकडायची ताकद संपते. श्वास जड झाला, आतून ओला झाला, पट्टी सैल पडली की टाका.

हवेतली धूळ कायद्यातल्या मर्यादेच्या पाचपटीपेक्षा जास्त असेल तिथे एफएफपी-२ पुरत नाही. विलोवाला आणि हवेनं झाडणारा यांना पी-१०० (जवळपास सगळी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा रबरी अर्धमुख मास्क द्या.

ओलाव्याबद्दल: जॉबरचं म्हणणं अर्धं खरं. मोठे तंतू बसतात, बारीक धूळ तरंगतच राहते. कार्डला ५० ते ५५ टक्के आर्द्रता पुरे, त्यावर गेलात तर रुई सिलिंडरला चिकटते. ह्युमिडिफायरच्या टाकीत शेवाळलेलं पाणी असेल तर तुषारांतून जिवाणूच फवारता, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं तेच विष. टाकी नेमानं रिकामी करून घासा.

शिफ्ट_इनचार्ज, इचलकरंजी

धूळ किती आहे हे मोजायचं कसं? लेझरवाला छोटा मीटर चालेल का? आणि मालकांना खर्च कसा पटवायचा?

डक्टवाला

छोटा मीटर सक्शन लावण्याआधी आणि नंतर एकाच जागी ठेवून फरक बघायला चालतो. त्यावरचा आकडा कायद्याच्या मर्यादेशी लावू नका. कच्च्या कापसाच्या धुळीची कारखाना कायदा १९४८ मधली मर्यादा घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम होती. कापसाच्या धुळीसाठी व्हर्टिकल इल्युट्रिएटर (हवेतल्या बारीक धुळीचा नमुना घेणारं उपकरण) वापरतात: मिनिटाला ७.४ लिटर हवा, १५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण वगळून, ३७ मिमी फिल्टरवर. सहा तासांत २.६६ घनमीटर हवा जाते, म्हणजे मर्यादेवरच्या धुळीचं वजन जेमतेम ०.५३ मिलिग्रॅम भरतं. त्यामुळे ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू असलेली प्रयोगशाळाच पाहा. घाटकोपरच्या बीटीआरएकडे (वस्त्रोद्योग संशोधन संस्था) चौकशी करा. उपकरण माणसाच्या नाकाच्या उंचीवर, मिक्सिंग, विलो आणि कार्ड अशा तीन जागी, नेहमीचं काम चालू असताना लावा. मोजणीच्या दिवशी मुद्दाम चांगला माल लावला तर पैसे फुकट.

मालकांना रोटर उघडून दाखवा. खोबणीत साचते ती हीच धूळ. तिच्यामुळे तार तुटतात आणि सुतात मोआरे दोष (ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारा जाड-बारीकपणा) येतो. कार्डचं सक्शन नीट झाल्यावर पाळीतल्या तुटीची नोंद आधीच्या नोंदीशेजारी ठेवा. पैसे थोडेच असतील तर आधी विलोची भिंत आणि व्हॅक्यूम, मग मिक्सिंगचं हूड, त्यानंतर कार्ड. स्पायरोमेट्री मात्र कशासाठीही थांबवू नका, पहिल्या सुट्टीनंतरच करून घ्या.