ट्रायानोस डेलासची कारकीर्द केवळ एका गोलापुरतीच मोजावी का?

प्रश्न : २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतील ग्रीसच्या विजयाविषयी वाचताना या उंचपुऱ्या बचावपटूचे नाव सतत येते. त्याचे महत्त्व त्या एका गोलापुरतेच आहे का?

उत्तर १ : तो गोल मोठाच होता. १ जुलै रोजी पोर्तो येथे चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता सहकारी त्सियार्तासने कॉर्नर घेतला आणि डेलासने जवळच्या खांबापाशी झेपावत हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. 'सिल्व्हर गोल'च्या नियमानुसार पूर्वार्धाअखेर आघाडीवर असलेला संघ विजयी ठरत असल्यामुळे चेक संघाला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. माझ्या मते हा नियम क्रूर होता. त्या स्पर्धेनंतर तो रद्द झाला, हे योग्यच झाले.

उत्तर २ : मला मात्र त्याचा बचाव अधिक मोलाचा वाटतो. प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्या रचनेत सहकारी प्रतिस्पर्धी आघाडीवीरांना सावलीसारखे चिकटून राहत आणि डेलास त्यांच्या मागे राहून निसटलेला प्रत्येक चेंडू निस्तरत असे. फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल या तिघांनाही बाद फेरीत एकही गोल करता आला नाही.

उत्तर ३ : शेफील्ड युनायटेड, पेरुजा आणि रोमा या क्लबांकडूनही तो खेळला. आर्थिक संकटामुळे तिसऱ्या श्रेणीत गेलेल्या एईके अथेन्स या ग्रीक क्लबला २०१३ पासून प्रशिक्षक म्हणून त्यानेच पुन्हा अव्वल श्रेणीत आणले. माझ्या लेखी ही कामगिरीही त्या गोलाच्या तोडीची आहे.